बालमेंदूची इजा आणि नव्या चेतापेशी : एका कल्पनेचा इतिहास

मेंदूला इजा झालेली लहान मुले प्रौढांपेक्षा लवकर आणि अधिक पूर्णपणे सावरतात, हा समज वैद्यकात जितका जुना आहे तितकाच लोकव्यवहारातही रूढ आहे. गेल्या दोन-तीन दशकांत या समजाला एक नवा आधार लाभला. कोवळ्या मेंदूत इजेनंतर नव्या चेतापेशी जन्म घेतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आले आणि तेव्हापासून ‘मुलाचा मेंदू स्वतःच स्वतःची दुरुस्ती करतो’ हे विधान शिक्षकांच्या, पालकांच्या, क्वचित डॉक्टरांच्याही तोंडी सहज ऐकू येऊ लागले. वस्तुतः हे विधान दोन वेगळ्या संशोधन-परंपरांच्या जोडणीतून तयार झालेले आहे. त्या परंपरा निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या प्रश्नांतून निघाल्या, आणि त्यांचा सांधा जोडण्यात घाई झाली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. लेखक भाषाविज्ञानाचा अभ्यासक आहे, शरीरशास्त्राचा नव्हे. परंतु मुलाने गमावलेली आणि परत मिळविलेली भाषा हाच या विषयात आरंभापासून मुख्य पुरावा मानला गेला असल्यामुळे, तो पुरावा तपासण्याचा थोडासा अधिकार भाषाविज्ञानालाही पोचतो.

विषयाकडे लक्ष वळण्याचे निमित्त स्थानिक आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस परभणी जिल्ह्यातील पालम येथे, लेखकाच्याच गल्लीतील सहा-सात वर्षांचा एक मुलगा चिंचेच्या झाडावरून पडला. त्याला नांदेडला हलविण्यात आले. दोन दिवस तो शुद्धीवर नव्हता. शुद्धीवर आल्यानंतर दहा-बारा दिवस त्याने एकही शब्द उच्चारला नाही. मग तो ‘पाणी’ म्हणाला, आणि महिन्याभरात पूर्वीसारखा बोलू लागला. गल्लीतील वडीलधाऱ्या बायांनी या घटनेचा निकाल एका वाक्यात लावला : “कवळं डोकं हाय, भरून येतंय.” पुन्हा दाखवायला आणा, असे दवाखान्यात सांगितले होते. कोणी नेले नाही. मूल बोलत होते, खेळत होते. नेण्याचे कारणच उरले नव्हते.

या वाक्यातील क्रियापद लक्षात घेण्यासारखे आहे. मराठीत जखम ‘भरून येते’, आणि तान्ह्या मुलाची टाळूही ‘भरते’. टाळूच्या बाबतीत ते बरोबर आहे. दीड वर्षाच्या सुमारास कवटीच्या हाडांमधील ती मऊ जागा हाडाने खरोखरच भरून जाते. कातडीच्या जखमेबद्दलही ते बऱ्याच अंशी बरोबर आहे. मात्र मेंदूचा नष्ट झालेला भाग या अर्थाने भरून येत नाही. मेलेल्या पेशींची विल्हेवाट लागते आणि त्या जागी पाण्यासारख्या द्रवाची पोकळी तरी उरते, किंवा आधारपेशींचा घट्ट वण तरी तयार होतो. बायांचे वाक्य अडाणीपणाचे होते असे मात्र समजू नये. याच अर्थाचे वाक्य पुढे नामवंत प्रयोगशाळांतून, अधिक भारदस्त शब्दांत, उच्चारले गेले.

त्या भारदस्त शब्दांपैकी एकाची हकीकत येथेच सांगून टाकणे बरे. इंग्रजीत ज्याला ‘प्लॅस्टिसिटी’ म्हणतात त्या गुणासाठी मराठीत सर्रास ‘लवचिकता’ हा शब्द वापरला जातो. वेताची छडी लवचीक असते. ती वाकविली तरी सोडताच मूळ जागी येते. मूळ संज्ञेत याच्या उलट कल्पना आहे. दाब पडला म्हणजे नवा आकार घेणारा आणि तो आकार धरून ठेवणारा, ओल्या मातीसारखा पदार्थ तेथे अभिप्रेत आहे. ‘मुलाचा मेंदू लवचीक असतो’ असे मराठीत म्हटले की तो पूर्वस्थितीवर येतो असा अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात उमटतो. खरे तर तो वेगळ्या स्थितीवर जातो, एवढेच म्हणावयाचे असते. ‘घडणक्षमता’ हा शब्द त्या मानाने निर्दोष वाटतो. पुढील विवेचनात तोच वापरला आहे.

आता पहिली परंपरा. पॅरिसचे शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी १८६१ साली, वाचा गेलेल्या एका रुग्णाच्या मृत्यूनंतर त्याच्या मेंदूची तपासणी करून, डाव्या गोलार्धाच्या पुढील भागातील इजेशी वाचाघाताचा संबंध जोडला; १८६५ साली त्यांनी हा संबंध डाव्या गोलार्धापुरता आहे हे स्पष्टपणे मांडले. या शोधाचा डंका पुष्कळ वाजला. त्यामानाने १८६८ साली पॅरिसमध्येच ज्यूल कोतार या तरुण डॉक्टराने लिहिलेल्या प्रबंधाकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. ज्यांचा डावा गोलार्ध बालपणीच रोगाने खुरटला होता अशा व्यक्ती त्याने तपासल्या होत्या. त्यांना अर्धांगवायू होता, काहींची बुद्धी मंद होती, पण वाचाघात नव्हता. भाषेची जागा नष्ट झालेली असून भाषा मात्र शिल्लक होती. डावा गोलार्ध फार लवकर निकामी झाला तर उजवा त्याचे काम उचलू शकेल, ही शक्यता ब्रोका यांनीही बोलून दाखविली होती. ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही की येथे नवी पेशी जन्मल्याची कल्पना कोठेच नाही. असलेल्या पेशींनी दुसऱ्याचे काम पत्करल्याची आहे.

हीच कल्पना विसाव्या शतकात प्रयोगाच्या कसोटीला लागली. येल विद्यापीठात मार्गारेट केनार्ड यांनी १९३६ पासून पुढे काही वर्षे माकडांच्या मेंदूतील हालचालींशी संबंधित भाग काढून पाहिला. पिलांमध्ये त्याचा परिणाम प्रौढांपेक्षा सौम्य दिसला. ‘इजा जितकी लवकर तितके बरे’ असे सूत्र पुढे यातून काढले गेले आणि त्याला केनार्डचे नाव चिकटले. हे सूत्र इतक्या उघड्या रूपात केनार्ड यांनी स्वतः मांडले नव्हते. पिलांमधील काही दोष वयाबरोबर वाढत जातात हेही त्यांच्या निरीक्षणात आले होते. परंतु सूत्रे सोपी असली की मूळ लेख वाचण्याचे श्रम वाचतात. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी १९४० च्या दशकातच इशारा दिला होता की काही प्रकारची इजा प्रौढापेक्षा बालकाला अधिक महाग पडते. कारण प्रौढाने जे आधीच शिकून ठेवलेले असते ते बालकाला अजून शिकावयाचे असते. हा इशारा सूत्राइतका लोकप्रिय झाला नाही. १९६७ साली एरिक लेनेबर्ग यांनी भाषेच्या जैविक पायाविषयीच्या आपल्या ग्रंथात मुलांमधील वाचाघाताचा पुरावा एकत्र करून, तारुण्याच्या उंबरठ्यापर्यंत भाषा परत मिळविण्याची शक्ती टिकून असते असे प्रतिपादन केले. भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना हा ग्रंथ परिचित आहेच. त्यातील ‘निर्णायक काळा’ची चर्चा आपण शिकवितो, तिच्या तळाशी असलेल्या रुग्णांच्या नोंदी किती त्रोटक होत्या हे सहसा सांगत नाही.

दुसरी परंपरा पेशींची आहे. स्पॅनिश शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांनी चेतापेशी ही मज्जासंस्थेतील स्वतंत्र एकक आहे हे दाखवून दिले, आणि १९०६ साली त्यांना कामिल्लो गोल्जी यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. मज्जासंस्थेच्या ऱ्हासावर आणि पुनरुत्पत्तीवर त्यांनी १९१३-१४ मध्ये दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. प्रौढ मेंदूतील मार्ग पक्के झालेले असतात आणि तेथे नवे काही जन्मत नाही, हा त्यातील निष्कर्ष पुढे अर्धशतक वेदवाक्यासारखा मानला गेला. भावी विज्ञानाने हा निर्णय बदलावा अशी आशाही काहाल यांनी तेथेच व्यक्त केली होती. ती शिष्यांच्या स्मरणात राहिली नाही. त्याआधी १९१२ साली एझ्रा अ‍ॅलन यांनी, पांढऱ्या उंदराच्या मेंदूत जन्मानंतर सुमारे १२० दिवसांपर्यंत पेशीविभाजनाच्या खुणा आढळतात, असे लिहून ठेवले होते. पण विभागणारी पेशी चेतापेशी होणार की आधारपेशी, हे सांगण्याचे साधन त्यांच्या काळी नव्हते.

ते साधन १९५० च्या दशकात हाती आले. पेशी विभागण्यापूर्वी आपल्या जनुकद्रव्याची प्रत तयार करते आणि त्यासाठी थायमिडिन हे द्रव्य लागते. ट्रिशियमची किरणोत्सर्गी खूण असलेले थायमिडिन प्राण्याला टोचले, तर त्या वेळी विभागत असलेल्या पेशींच्या केंद्रकात ती खूण कायमची बसते, आणि पुढे मेंदूच्या पातळ कापांवर छायाचित्रणाचा लेप देऊन ती काळ्या ठिपक्यांच्या रूपाने पाहता येते. थोडक्यात, पेशीच्या जन्माची नोंदवही मिळाली. हंगेरीत जन्मलेले जोसेफ ऑल्टमन यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत हे तंत्र वापरले. १९६२ साली त्यांनी प्रौढ सस्तन प्राण्यांच्या मेंदूत नव्या चेतापेशी निर्माण होतात काय, असा प्रश्नार्थक मथळा असलेला छोटा लेख प्रसिद्ध केला. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब ही की त्यांनी पाहिलेल्या उंदरांच्या मेंदूला मुद्दाम इजा केलेली होती. इजेनंतर आधारपेशी किती वाढतात हे पाहताना काही चेतापेशींच्या केंद्रकांतही ठिपके दिसले. म्हणजे नव्या चेतापेशींचा आधुनिक इतिहास जखमेपासूनच सुरू झाला. १९६५ साली ऑल्टमन आणि गोपाल दास या दोघांनी मिळून, उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या आतील बाजूस असलेल्या आणि स्मृतीशी निगडित अशा वळणदार भागात, जन्मानंतरही नव्या चेतापेशींची भर पडत राहते, असा सविस्तर पुरावा सादर केला. इंग्रजी ग्रंथांत हा शोध बहुधा एकट्या ऑल्टमन यांच्या नावावर जमा केला जातो. दुसऱ्या नावाची आठवण भारतीय वाचकाने तरी ठेवावी.

या लेखांना विरोध झाला असे म्हणण्यापेक्षा त्यांची उपेक्षा झाली असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. १९७७ साली मायकेल कॅप्लन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्याच पेशी पुन्हा दाखविल्या. तरी मत बदलले नाही. १९८५ साली येलच्या पाश्को राकिच यांनी माकडांच्या मेंदूत प्रौढपणी नव्या चेतापेशी सापडत नाहीत असे जाहीर केले, आणि वाद मिटल्यासारखा झाला. त्याला तडा गेला तो अनपेक्षित दिशेने. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात फर्नांडो नोट्टेबोम हे कॅनरी पक्ष्यांच्या गाण्याचा अभ्यास करीत होते. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांना असे आढळले की प्रौढ पक्ष्याच्या मेंदूतील गायनाशी संबंधित भागात नव्या चेतापेशी येऊन दाखल होतात. गाणे शिकणारा पक्षी आणि भाषा शिकणारे मूल यांची तुलना भाषावैज्ञानिकांना नेहमीच मोहात पाडते. येथे मात्र त्या तुलनेने खरोखरच एक दार उघडले. १९९८ साली स्वीडनचे पीटर एरिक्सन आणि अमेरिकेचे फ्रेड गेज यांच्या गटाने, निदानासाठी पेशीविभाजनाची खूण टोचून घेतलेल्या पाच कर्करुग्णांच्या मरणोत्तर तपासणीवरून, माणसाच्या हिप्पोकॅम्पसमध्येही नव्या चेतापेशी जन्मतात असे दाखविले.

यानंतर इजेचा प्रश्न पुन्हा पुढे आला. डोक्याला मार बसल्यानंतर उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशींचा जन्म वाढतो, हे २००१ च्या सुमारास दिसून आले. २००५ साली अमेरिकेतील व्हर्जिनियाच्या संशोधकांनी २८ दिवसांची पिले आणि प्रौढ उंदीर यांची तुलना केली. मार बसल्यावर पेशीविभाजन दोन्ही वयांत वाढले, परंतु पिलांमध्ये त्यांपैकी अधिक पेशींनी चेतापेशींचे रूप घेतले. येल येथे फ्लोरा व्हॅकरिनो यांच्या गटाने प्राणवायूचा तुटवडा सोसलेल्या उंदराच्या पिलांमध्ये तर मेंदूच्या बाह्यकातही नव्या चेतापेशी आढळल्याचे नोंदविले. हे सर्व निष्कर्ष खरे आहेत आणि मोलाचे आहेत. केनार्डच्या नावाने चालणाऱ्या जुन्या सूत्राला अखेर पेशींचा आधार मिळाला, असे याच टप्प्यावर अनेकांना वाटले. दोन परंपरांचा सांधा येथे जुळला.

सांधा कच्चा आहे, असे म्हणण्याचे पहिले कारण काळाचे आहे. उंदरात नव्याने जन्मलेल्या चेतापेशीला वाढून इतर पेशींशी जोडले जाऊन कामाला लागण्यास सुमारे चार ते आठ आठवडे लागतात. माकडांत काही महिने. त्याआधीच त्यांतील बहुतेक मरतात. पालमचा मुलगा पंधरवड्यात बोलू लागला. त्या मुदतीत जन्मलेली एकही पेशी त्याच्या उपयोगी पडलेली असणे शक्य नाही. त्याची वाचा परत आली ती बहुधा मेंदूची सूज उतरल्यामुळे, आणि इजेच्या धक्क्याने गप्प झालेले दूरचे भाग पुन्हा जागे झाल्यामुळे. ही दुसरी क्रिया स्वित्झर्लंडमधील फॉन मोनाकोव्ह यांनी १९१४ सालीच वर्णन करून ठेवली आहे. मग जागेचा प्रश्न येतो. नव्या पेशींचा भरवशाचा पुरावा हिप्पोकॅम्पसचा आहे, आणि कोतार यांच्या रुग्णांनी गमावलेले भाग तेथे नव्हते. शिवाय नवी पेशी योग्य जागीच जाऊन बसेल याचीही हमी नाही. १९९७ साली जॅक पेरेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपस्माराच्या झटक्यांनंतर जन्मलेल्या काही पेशी भलत्याच ठिकाणी भरकटलेल्या दाखविल्या आहेत. पेशींची संख्या वाढली म्हणजे मेंदू सुधारला, असे समीकरण मांडता येत नाही.

माणसाच्या मुलाविषयी तर आपल्या हाती आणखी कमी आहे. २०१८ च्या मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधकांनी, मानवी हिप्पोकॅम्पसमधील नव्या चेतापेशींची संख्या जन्मानंतरच्या पहिल्या वर्षांत झपाट्याने घटते, सात आणि तेरा वर्षांच्या मुलांत तुरळक पेशी दिसतात आणि प्रौढांत एकही सापडत नाही, असे प्रसिद्ध केले. पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या दुसऱ्या गटाने नेमके उलट, त्या पेशी म्हातारपणापर्यंत टिकतात असे मांडले. २०२५ साली स्वीडनच्या गटाने प्रौढ मेंदूतही विभागणाऱ्या मूळपेशी सापडल्याचे जाहीर केले, परंतु व्यक्ती-व्यक्तींत फार मोठा फरक आहे हेही नमूद केले. हे सारे निरोगी किंवा अन्य आजाराच्या मेंदूंविषयी झाले. मार बसलेल्या मुलाच्या मेंदूचे काप कोणी सहजासहजी तपासू शकत नाही, हे उघड आहे.

या इतिहासात महाराष्ट्रातील एका प्रयोगशाळेचे काम लेखकाला विशेष बोलके वाटते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांचा गट अनेक वर्षे हिप्पोकॅम्पसमधील नव्या चेतापेशींचा आणि मनावरील ताणाचा संबंध अभ्यासत आला आहे. दीपिका सुरी, वैद्य आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, उंदराच्या पिलांना जन्मानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत रोज काही तास आईपासून दूर ठेवले होते. ही मेंदूची जखम नव्हे, ताण आहे. तो फरक विसरता कामा नये. अशी पिले तरुण झाली तेव्हा त्यांच्यात नव्या चेतापेशी कमी न होता उलट वाढलेल्या आढळल्या, आणि काही कसोट्यांत ती सरसही ठरली. तेच प्राणी मध्यमवयात पोचले तेव्हा मात्र चित्र उलटले : नव्या पेशी घटल्या आणि स्मरणाच्या कसोट्यांत ते मागे पडले. प्रयोग तारुण्यातच संपविला असता, तर लहानपणीचा आघात उपकारक असतो असा निष्कर्ष कोणी काढला असता तर नवल नव्हते. आघात झालेल्या कोवळ्या मेंदूचा हिशेब कोणत्या वयात मांडावयाचा, हा प्रश्न या प्रयोगाने इतक्या स्पष्टपणे उभा केला आहे की पेशी मोजणाऱ्यांना आणि भाषा मोजणाऱ्यांना, दोघांनाही तो टाळता येऊ नये.

भाषेच्या बाजूने हाच प्रश्न आधी विचारला गेला होता. १९७९ साली अमेरिकेतील वुड्स आणि केरी यांनी, बालपणी वाचाघात होऊन वैद्यकीय दृष्ट्या पूर्ण बऱ्या झालेल्या व्यक्तींना पुढील वयात भाषेच्या बारीक कसोट्या दिल्या. ज्यांना वयाच्या पहिल्या वर्षानंतर डाव्या गोलार्धाची इजा झाली होती ते या कसोट्यांत मागे राहिले. बोलणे परत आले होते. भाषा सगळी आली नव्हती. मेलबर्नच्या व्हिकी अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली दाखविले की डोक्याला गंभीर मार बसलेल्या मुलांत, जितके वय लहान तितके नंतरचे बौद्धिक नुकसान अधिक असण्याकडे कल असतो. येथे सूत्र उलटे झाले. या विसंगतीचा उलगडा बराचसा इजेच्या प्रकारात आहे. एका जागी झालेली मर्यादित इजा आणि झाडावरून किंवा वाहनावरून पडल्याने सबंध मेंदूला बसलेला हादरा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिल्या प्रकारात काम उचलायला निरोगी शेजारी असतो. दुसऱ्या प्रकारात शेजारीही जायबंदी झालेला असतो.

वाचा परतली पण भाषा अपुरी राहिली, याचा मराठीत अर्थ काय? तीन लिंगे, ‘ने’ प्रत्ययाचा कर्ता, क्रियापदाचा कर्माशी मेळ या गोष्टी मूल साधारणतः शाळेत जाण्यापूर्वीच आत्मसात करते. सातव्या वर्षी मार बसलेल्या मुलाच्या बोलण्यात त्या सुखरूप दिसतील. जे नंतर पक्के व्हावयाचे असते ते म्हणजे वाक्यात वाक्य बसविणे : ‘-ऊन’च्या साखळ्या, ‘जो–तो’ची रचना, ‘मोडल्यामुळे’, ‘पडला असता तर’. दवाखान्यात मुलाला नाव विचारतात, वस्तू दाखवून ओळखायला सांगतात. या तपासणीत त्यांपैकी एकही रचना कामी येत नाही. म्हणून मूल ‘पूर्ण बरे’ ठरते.

२००४ साली पालम परिसरातील बोलीची ध्वनिमुद्रणे करताना लेखकाची त्या मुलाशी पुन्हा गाठ पडली. तो आता तेविशीत होता आणि आडतीवर हमाली करीत होता. त्याला झाडावरून पडल्याची गोष्टच सांगायला लावली. “फांदी मोडली. मग मी पडलो. मग बापू आला. मग गाडी आणली.” सुमारे चार मिनिटांच्या निवेदनात ‘मग’ ३१ वेळा आला, ‘-ऊन’चे रूप दोनदा, आणि ‘जो–तो’ची रचना एकदाही नाही. त्याच गल्लीतील, त्याच वयाच्या आणि त्याच्याइतकेच शिकलेल्या दोघांच्या निवेदनांशी ताडून पाहता हा फरक ठळक होता. एका माणसाच्या ध्वनिफितीवरून सिद्धांत मांडता येत नाही. पडण्यापूर्वी तो कसा बोलत होता याची नोंदही कोणाजवळ नाही. पाचवीत त्याने शाळा सोडली होती. कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, “वाचलेलं टिकत न्हवतं. मास्तर म्हनायचे, आळशी हाय.” पडण्याचा आणि शाळा सुटण्याचा काही संबंध असेल काय, असे त्याला विचारले. त्याने क्षणभर पाहिले आणि सांगितले की ते तर तेव्हाच भरून आले होते.